गोल, चौकोन आणि नाना

नाना खोटं बोलतात असं आमच्या गावात कधी कुणी म्हटलं नाही. चाळीस वर्षं सोयरिकी जमवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही. नाना स्वतःही म्हणायचे, "म्या आजवर कुणाला खोटं सांगितलं न्हाई. इचारलं तेवढंच सांगितलं." आता लोक काय विचारणार आणि काय विचारायचं विसरणार, हे लोकांच्या आधी नानांना कळायचं. त्याला नाना तरी काय करणार?

नाना जाऊन आता वर्ष होईल. झोपेत गेले. कशानं गेले ते कुणी तपासलं नाही, आणि गावात आत्ताच तीन-चार वेगवेगळी कारणं सांगतात. नानांना हे पसंत पडलं असतं.

आमचं गाव दिंद्रुडपासून आत. नानांचं घर आमच्या घराला लागून. उंच, काटकुळा माणूस. धोतर कसंही असो, टोपीला मात्र कडक इस्त्री. खिशात पेन नाही, हातात वही नाही. दुसरे मध्यस्थ बायोडाटाच्या फायली घेऊन फिरतात, हल्ली तर मोबाइलवर ग्रुप चालवतात. नाना म्हणायचे, "लिहिलेला कागद उद्या दुसऱ्याच्या हातात जातो. डोक्यातलं कुणी नेत न्हाई." आणि डोक्यात किती होतं! माजलगावपासून धारूरपर्यंत आमच्या सोयऱ्यांतल्या कुठल्याही घराच्या तीन पिढ्या त्यांना तोंडपाठ. कुणाची लेक कुठं दिली, तिची नणंद कुठं पडली, त्या नणंदेच्या सासूचं माहेर कुठलं. बारावीला मला आवर्तसारणी पाठ होत नव्हती तेव्हा आमचे बापू म्हणाले होते, "नानांकडं दे. ते दोन दिवसांत कोण कुणाचा साडू ते सांगतील."

स्थळ बघायला गेले की नाना बैठकीत आधी बसायचेच नाहीत. हातपाय धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात जायचे. न्हाणीपाशी औषधाची रिकामी बाटली दिसते का, दोरीवर काय वाळतंय, कुठल्या खोलीचं दार लावून घेतलंय, ते सगळं बघून यायचे आणि मग चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायचे. मागच्या अंगणात जे दिसलं ते पुढच्या बैठकीत येईपर्यंत त्याचं रूप पालटलेलं असायचं. पोरीला कमी ऐकू येत असेल तर, "पोरगी शांत हाय, उलटून बोलत न्हाई." पोराला फिट येत असतील तर, "ल्हानपणी एकदा ऊन लागलतं." नवरदेव पीत असला की, "दोस्तमंडळी लई." आणि बापाचं भावकीत कुणाशीच पटत नसलं तर, "माणूस तत्त्वाचा हाय."

रोगांचंही तसंच. नानांचा शब्द प्रमाण मानला तर आमच्या भागात कॅन्सरनं कुणी मेलंच नव्हतं. माणसं कावीळ, बाळंतरोग, साप आणि 'अचानक' यांनी मरत. नानांची बायको, गयाकाकू, माझ्या आठवणीच्या आधी गेली. तीही काविळीनं. लेक लता तेव्हा बारा वर्षांची. तिला नानांनी एकट्यानं वाढवलं, स्वतःच्या हातानं वेण्या घातल्या, आणि पुढे माजलगावला चांगल्या घरी दिली. स्वतःच्या लेकीचं लग्न जमवताना मध्यस्थ कोण, असं कुणी थट्टेनं विचारलं की म्हणायचे, "तिथं म्या फक्त बाप होतो." ते खरं नव्हतं, पण ते नंतर कळलं.

माझ्यासाठी नानांनी सात स्थळं आणली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आई-बापू ऊसतोडीला जायचे तेव्हा मी आजीजवळ राहून शिकले, बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाले, आणि बीडला एका लॅबच्या केंद्रात रक्त घ्यायच्या कामावर लागले. हे सांगताना मला लाजही वाटत नाही आणि मी ते हळू आवाजातही सांगत नाही. नानांची अडचण तीच होती. सातवं स्थळ माजलगावचं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरगी काय करती?"

"बीडला दवाखान्याच्या लाइनीत हाय," नाना बशीतून म्हणाले.

त्या बाईंचा चेहरा उजळला. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मी लोकांचं रक्त काढते."

"कुणाचं?"

"येईल त्याचं."

"म्हंजे कुण्याबी बाप्याचा हात धरती?"

"शीर सापडायला हात धरावाच लागतो, काकू."

पोहे संपायच्या आत बैठक उठली. परतताना एस.टी.त नाना म्हणाले, "कावून बोललीस ग? तुला इचारलतं का?"

"हो नाना, मलाच विचारलं होतं."

"तोंड माझ्याकडं करून इचारलतं!"

पुढे माझं मी जमवलं. नाना लग्नाला आले, पोटभर जेवले, आणि वाढप्यांना नावं ठेवून गेले.

आमच्या केंद्राच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून दोनदा कॅन्सरचे डॉक्टर येतात. बाहेरून येतात, सकाळपासून जिना भरलेला असतो. त्यांच्या पेशंटांच्या जनुकांच्या तपासण्या निघाल्या की जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घ्यायचं, फॉर्म भरायचा आणि पुण्याला पाठवायचं, हे माझं काम. तिथं एके दिवशी सुनीताताई आल्या. दिंद्रुडच्या आप्पांची मुलगी. आप्पा म्हणजे माजी सरपंच, बागायतदार, आणि नात्यानं नानांचे मेहुणे. गयाकाकूंचे सख्खे भाऊ. सुनीताताईंचा नवरा साखर कारखान्यात, हंगाम चालू, म्हणून बापच लेकीला घेऊन फिरत होता.

अडतीस वर्षांच्या सुनीताताईंना अंडाशयाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, किमो झाली, वर्ष-दीड वर्षात आजार परतला, पुन्हा किमो दिल्यावर मागे हटला. तो पुन्हा येणार हे डॉक्टरांना माहीत होतं. ते म्हणाले, एक गोळी आहे, ती आजाराला बराच काळ लांब ठेवू शकते. पण तिचा खरा उपयोग जन्मतःच एका ठरावीक जनुकात बिघाड असलेल्यांना. तपासणी केल्याशिवाय ते कळणार नाही. तपासणीचा भार एक ट्रस्ट उचलतो, पण वंशावळीच्या फॉर्मवर घरात आणखी कुणाला असला आजार झाल्याचं दिसलं तरच.

तो फॉर्म माझ्याकडे असतो. बाई असेल तर गोल, पुरुष असेल तर चौकोन. मेलेल्यावर तिरकी रेघ. कॅन्सर झालेला असेल तर आतून काळा करायचा. मी पेन घेऊन बसले.

"आप्पा, तुमची आई कशानं गेली?"

"बाळंतरोग."

"बहीण?"

"कावीळ. लिही. आमच्या खानदानात असलं काय न्हाई. काय असंल ते हिच्या आईकडून. तिच्या माह्यारी सगळे रोगटच हायेत."

सुनीताताईंची आई बाजूला पदर तोंडाला लावून उभी होती. बोलायची सवयच नसावी. घरात तीन नाती लग्नाच्या होत्या, हे आप्पांनी सांगितलं नाही, पण मला त्या भागातली म्हणून माहीत होतं. फॉर्म भरला. नऊ गोल, सात चौकोन, सगळे पांढरेशुभ्र. असा फॉर्म पाठवला तर परत येतो.

आप्पा पाणी प्यायला गेले तेव्हा सुनीताताई मला म्हणाल्या, "अर्चना, मामांना इचार. त्यांना समद्यांचं ठावं असतं." आत्याचा नवरा म्हणजे आमच्याकडे मामा. म्हणजे नाना.

"मी तुमचा आजार त्यांना सांगितला तर चालेल?"

"माझं पोट सगळ्या दिंद्रुडनं बघितलंय. सांग."

रविवारी गावी गेले तेव्हा मी तो फॉर्म नानांसमोर ओट्यावर पसरला. नानांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि तुच्छतेनं म्हणाले, "ही कसली वंशावळ ग? गोल न् चौकोन. नाव न्हाई, गाव न्हाई, मामेकूळ न्हाई."

"रोग कळण्यापुरती आहे, नाना."

"बरं, डाक्टर इचारतो काय काय?"

"कोण, कुणाची लेक, किती वयाची असताना गेली, कशानं गेली. भाऊ-बहिणी किती. चुलते, आत्या, मावश्या."

नाना चाट पडले. "आणि बापाकडचं बी इचारतो?"

"दोन्हीकडचं. बाईचा आजार असला तरी बापाकडूनही येतो. बापाला काही होत नाही, पण तो लेकीला देतो."

"अरे तिच्या! ह्यो डाक्टर तर आपल्याच धंद्यातला निघाला. पोरीकडच्यांनी जे इचारायला पायजे आन् कधी इचारत न्हाईत, नेमकं तेच इचारायलाय." मग म्हणाले, "बरं झालं ह्यो लग्नं जमवत न्हाई. माझं अवघड झालं असतं."

उत्साहात त्यांनी फॉर्मची मागची बाजू घेतली आणि मला सांगून सांगून आप्पांचं सगळं घर काढायला लावलं. तीन मावश्या, त्यांच्या लेकी, कुठं दिल्या. आप्पांच्या आईच्या गोलावर मी 'बाळंतरोग' लिहायला लागले तर नाना म्हणाले, "खोड ते. ती गेली तवा तिचं धाकलं बारा वर्साचं होतं. बारा वर्सं कुणाला बाळंतरोग ऱ्हातो काय? छातीला गाठ होती. फुटलती. वास यायचा म्हून बाहेरच्या खोलीत ठेवलतं. काळं कर."

मी तो गोल काळा केला. एवढ्या सहज बोलले की मी बेसावध राहिले. पुढचा गोल आप्पांच्या बहिणीचा.

"हिला काय लिहू, नाना?"

हे विचारल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुणाबद्दल विचारतेय. नानांनी फॉर्मकडे बघितलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

"कावीळ," म्हणाले, आणि उठून घरात गेले.

मंगळवारी केंद्र उघडायच्या आधी नाना दारात हजर. पहिल्या एस.टी.नं आलेले. धोतराच्या सोग्यातून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून फडकं, फडक्यातून मोठ्या सरकारी दवाखान्याचा पिवळा पडलेला कागद. घड्यांवर फाटलेला, मागून कुणीतरी खळ लावून पट्ट्या चिकटवलेला. जो माणूस कागद बाळगत नव्हता त्यानं हा एक कागद तीस वर्षं जपला होता. त्यावर गयाकाकूंचं नाव होतं, वय चौतीस, आणि अंडाशयाच्या कॅन्सरचं निदान.

"पोट पाण्यानं भरलतं," नाना म्हणाले. "लोकं म्हणले कावीळ. म्या म्हणलं व्हय."

"का, नाना?"

"लता बारा वर्साची होती. कॅन्सरवाल्याची लेक कोण करून घेतंय? तुला तर ठावंच हाय." मग आवाज खाली गेला. "तिला बी कावीळच सांगितलंय. ल्हान लेकराच्या तोंडून बाहेर जाईल म्हून. मंग ती मोठी झाली, मंग लगीन झालं, मंग कवा सांगायचं ते ऱ्हाऊनच गेलं. हे कागद कोण कोण बघतंय?"

"डॉक्टर. लॅब."

"आन् तू."

"आणि मी."

"तू गावची हाईस."

"मी नोकरीला लागताना सही केलीय, नाना. इथलं काही बाहेर बोलत नाही."

नानांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, जसं सात स्थळांना दाखवताना बघायचे. "बग बाई," म्हणाले. "कर काळं."

फॉर्म मंजूर झाला. आप्पांना ते कळायचं ते कळलंच, कारण डॉक्टरांनी पुढच्या भेटीत त्यांच्यासमोरच 'तुमच्या बहिणीचा' असा उल्लेख केला. फॉर्मचं काय झालं ते बघायला आलेल्या नानांना आप्पांनी जिन्याखाली गाठलं. माझ्या काउंटरसमोरच.

"दाजी, मेल्यावर बदनाम केली माझ्या बहिणीला!"

"आप्पा, तुझी बहीण माझी बायकू होती."

"माझ्याकडून रोग येतोय म्हणं! मला सालोसाल सर्दी होत न्हाई. हिच्या आईकडचं हाय ते. घ्या माझं रक्त. घे ग पोरी. आत्ता घे. कळू द्या एकदा."

मी घेतलं. नियमाप्रमाणे समजावून, सही घेऊन, पण घेतलं. बायकोचं माहेर दोषी ठरवण्यासाठी स्वखुशीनं जनुकतपासणी करून घेणारा आमच्या केंद्राच्या इतिहासातला हा पहिलाच माणूस असावा. महिन्याभरानं दोन्ही अहवाल आले. सुनीताताईंचं जनुक बिघडलेलं. आप्पांचंही तेच, त्याच जागी. आप्पा दोन्ही कागद हातात धरून बसून राहिले. "पण मला काय होत न्हाई ना," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"तू एस.टी. हाईस आप्पा," नाना त्यांच्या शेजारी बसत म्हणाले. "एस.टी.ला काय होतंय? जे व्हायचं ते उतरणाऱ्याला."

डॉक्टर हसले, पण म्हणाले की पुरुषांनाही थोडा धोका असतोच, तपासत राहावं लागेल. सुनीताताईंची आई त्या दिवशी घरी जाताना पहिल्यांदा नवऱ्याच्या पुढे जिना उतरली.

गोळी कशी काम करते, हे नानांना समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, पेशीतला धागा तुटत असतो आणि पेशी तो शिवत असते. शिवायच्या दोन रीती. या जनुकामुळे कॅन्सरच्या पेशीची एक रीत आधीच बंद. गोळी दुसरी बंद करते. मग तिला शिवताच येत नाही, ती मरते.

नानांनी डोळे मिटून ते आपल्या भाषेत लावून बघितलं. "म्हंजे गावाला दोन वाटा. एक पूल आदीच वाहून गेलेला. दुसरी वाट आपुन खंदून टाकायची. चोर आतच उपाशी मरतो."

"बरोबर."

"मंग गावातली बाकीची माणसं?"

मी थक्क झाले. एम.एस्सी.च्या मुलांना हा प्रश्न पडत नाही. म्हटलं, "बाकीच्या पेशींत त्या जनुकाची दुसरी, चांगली प्रत असते. त्यांचा पूल शाबूत आहे. त्यांनाही त्रास होतो, थकवा येतो, रक्त कमी होतं. पण तगतात."

सुनीताताई तगल्या. आज दोन वर्षं होऊन गेली, आजार परतलेला नाही. नाना पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मामा, आत्याचं तोंड मला नीट आठवत न्हाई. पण जाताना पोटातलं देऊन गेली बगा, म्हून ही गोळी मिळाली." नाना हसले, आणि हसता हसता चूळ भरायला म्हणून मागच्या अंगणात गेले ते बराच वेळ आले नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. डॉक्टरांनी सुनीताताईंना चिठ्ठी दिली की रक्ताच्या नात्यातल्या सगळ्या बायकांना ही तपासणी सुचवा. वेळेत कळलं तर लक्ष ठेवता येतं, ऑपरेशन करून धोका कमी करता येतो. सुनीताताईंना हिंडणं शक्य नव्हतं. आप्पा घराबाहेर पडत नव्हते. मग चिठ्ठीच्या झेरॉक्स घेऊन कोण निघालं असेल? त्या घरच्या सगळ्या लेकी कुठं कुठं दिल्यात हे एकाच माणसाला पाठ होतं, कारण त्यांतल्या बहुतेक त्यानंच दिल्या होत्या. माझ्यासमोर हिशेब लावताना नानांच्या लक्षात आलं आणि ते हळूच म्हणाले, "अर्चे, हे म्याच वाटलंय की ग तालुक्यात."

"तुम्हाला काय माहीत होतं, नाना?"

"जेवढं ठावं होतं तेवढं बी म्या सांगितलं न्हाई."

मी झेरॉक्सचा गठ्ठा त्यांच्या पुढ्यात सरकवला.

ज्या दारांत फेटा बांधून मानपान घेतला, त्याच दारांत नाना झेरॉक्स घेऊन उभे राहायला लागले. एका घरी म्हातारी म्हणाली, "लग्नात कावून न्हाई सांगितलंस बे मुडद्या?" पासष्टीच्या पुढच्या माणसाला बाईमाणसानं 'बे' म्हणणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना कळेल. नाना म्हणाले, "इचारलं न्हाई तुमी," आणि मग स्वतःच म्हणाले, "इचारलं असतं तरी सांगितलं नसतं." दुसऱ्या एका घरी पाणीसुद्धा दिलं नाही, पण नाना वळले तशी सून मागच्या दारानं धावत आली आणि कागद घेऊन गेली. अशा मागच्या दारानं आलेल्या पाच जणी पुढच्या तीन महिन्यांत माझ्याकडे रक्त देऊन गेल्या.

नानांचा धंदा मात्र बसला. चाळीस वर्षं अर्धं सांगितलं तोवर लोकांचा नानांवर पुरा विश्वास होता. एकदाच पुरं सांगितलं आणि माणसं म्हणायला लागली, याच्या पोटात काही ऱ्हात न्हाई, याला घरात घेऊ नका.

एक घर नानांनी शेवटी ठेवलं होतं. माजलगावचं. लेकीचं.

तिथं काय झालं ते लताताईंनीच मला सांगितलं. नानांनी जावयाला आणि विहिणीला बाहेर बसवलं आणि लेकीला स्वयंपाकघरात सांगितलं. लताताई भाकरी थापत होत्या. थापायची थांबल्या नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "आई काविळीनं गेली म्हून मी दरसाल पोरांना उपाशीपोटी काविळीच्या औषधाला नेते. अठरा वर्सं झाली. नाकात थेंब घालतात, पोरं रडतात, मी हात धरून बसते. तुमी एकदा बी म्हणला न्हाईत, नको नेऊ म्हून."

नाना म्हणाले, "कसं म्हणू?"

"आता कसं म्हणलात?"

चार महिने लताताई बापाशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी एकट्याच केंद्रात आल्या. मी समजावलं, निम्मी निम्मी शक्यता आहे. आईकडून चांगली प्रत आली असेल किंवा बिघडलेली. त्यांनी ऐकलं, दंड पुढे केला. संमतीच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ असते, अहवाल तुमच्याशिवाय आणखी कुणाला सांगावा. लताताईंनी विचारलं, "बापाला सांगावंच लागतं का?"

"नाही. तुमचं रक्त, तुमचा अहवाल."

त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कोणालाही नाही', आणि खाली सही केली.

अहवाल घ्यायच्या दिवशी त्या वर डॉक्टरांकडे होत्या. नानांना कुठून कळलं कोण जाणे, पण नाना आले. माझ्या समोरच्या बाकड्यावर बसले. डोक्यावर टोपी नव्हती. मी अहवाल सकाळीच वाचलेला होता, आणि ते त्यांना कळलं होतं.

"आलं का?"

"नाना, मला सांगता येणार नाही."

"मी बाप हाय तिचा."

"फॉर्मवर लिहिलंय. कुणालाही नाही."

नाना मग आपल्या कसबावर आले. "बरं, सांगू नको. तिला पुन्हा बोलावलंय का, एवढंच सांग."

"नाना."

"मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिलीय का?"

"नाना, मी सही केलीय."

"तुझं तोंड बगू दे, सांगू नको काय."

मी रजिस्टरमध्ये मान घातली. रजिस्टरमध्ये काही नव्हतं. चार तालुक्यांतल्या घरांचं आतलं-बाहेरचं ज्याला पाठ, त्याला स्वतःच्या लेकीच्या रक्तात काय आहे ते सांगायला मी नकार देत होते, आणि मला त्यांनीच शेजारच्या ओट्यावर अक्षरं गिरवताना पाहिलेलं होतं. नाना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग बाकड्यावर मागे टेकले.

"बरोबर हाय," म्हणाले. "लिहून दिलंय म्हणल्यावर बरोबर हाय."

बाकीचं ज्यांचं त्यांना विचारून लिहिलंय, पण त्या अहवालात काय होतं ते मी आज लिहितानाही सांगणार नाही. नाना गेले, पण सही लताताईंची आहे आणि लताताई आहेत.

लताताई खाली आल्या तेव्हा फाइल पदराखाली होती. बाकड्यावर बाप बघून थांबल्या. नाना उठून उभे राहिले. मला वाटलं आता विचारतील. नाना म्हणाले, "पाणी पिलीस का?"

"पिले."

एवढंच. दोघं बाहेर पडले. ते मला दिसलेले शेवटचे नाना, केंद्राच्या खिडकीतून. लताताई पुढे, नाना चार पावलं मागे. स्टँडकडचा रस्ता ओलांडायचा होता, तेवढ्यात उसानं लादलेली दोन ट्रॉल्यांची जोडगाडी आली. लताताई कडेला थांबल्या. नानाही थांबले, पण होते तिथंच, चार पावलं मागेच. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली. लताताईंनी मागे वळून बघितलं नाही. फक्त एक हात मागे केला, लेकराला रस्ता ओलांडून न्यायला करतात तसा.

नानांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. मग पुढे झाले आणि तो हात धरला.